हाउसमाइस्टरला दिलेली थालीपिठं

जर्मनीतल्या आमच्या वाल्डॉर्फच्या घरात शनिवारची सकाळ ही आठवड्यातली सगळ्यात गोंगाटाची वेळ असायची. रविवारी मिक्सर लावायचा नाही, हे घर भाड्याने घेताना मिळालेल्या नियमांच्या कागदातच लिहिलेलं होतं, त्यामुळे आई आठवड्याचं सगळं वाटण शनिवारीच उरकायची. ओलं खोबरं, मिरच्या, दाण्याचं कूट, भिजवलेली डाळ. बाबा त्या वेळी ऑफिसातल्या लोकांबरोबर बॅडमिंटनला गेलेले असत. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून रेसलिंग बघत बसलेली. मातीतली कुस्ती नव्हे. ती चकचकीत, अमेरिकेतली, कथानक असलेली. मिक्सर थांबला की पाठीमागून आईचा आवाज यायचा, "मागे घे जरा. कोणी मारलं त्याला?" मग मी मागे घेऊन तो प्रसंग पुन्हा दाखवायचे आणि ती हात पुसत उभ्याउभ्याच बघायची.

हा नाद मला पुण्यातच लागला होता. शाळेच्या बसमध्ये मुलं पैलवानांच्या फोटोंचे पत्ते खेळायची. उंची, वजन, छाती यांचे आकडे सांगून एकमेकांचे पत्ते जिंकायची. मला कोणी खेळायला घ्यायचं नाही आणि मी विचारायचेही नाही, पण खिडकीशी बसून ऐकता ऐकता मला सगळे आकडे पाठ झाले होते. आई मात्र माझ्याजवळ पहिल्यांदा बसली ती मी काय बघते यावर लक्ष ठेवायला. दोन शनिवारांत ती माझ्यापेक्षा पुढे गेली. आयुष्यभर संध्याकाळच्या मालिका बघितलेल्या बाईला कथानकाचा वास आधीच येतो. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं की ती म्हणायची, "हा आता उलटणार बघ." आणि तो पुढच्या महिन्यात उलटायचा. तिचं म्हणणं असं की जो खलनायक स्वतःला खलनायक समजतो तो कंटाळवाणा. ज्याला मनापासून वाटतं की अन्याय आपल्यावरच झालाय, तो खरा. इतकी वर्षं बघून, वाचून, लोकांशी वाद घालून मी याहून शहाणं मत ऐकलेलं नाही. विजेतेपदाचा पट्टा दर महिन्याला इकडून तिकडे गेला की त्याची किंमत उरत नाही, आणि ऐन लढतीत तिसरा माणूस धावत येऊन निकाल फिरवतो तेव्हा लेखकाचा आळस उघडा पडतो, ही माझी मतं. पण खलनायकाबद्दलचं मत आईचं.

"हे सगळं खोटं असतं ना?" असं मला आजही कोलोनच्या ऑफिसात कोणी ना कोणी विचारतं. मी हो म्हणते आणि विषय बदलते. खरं उत्तर लांब आहे. निकाल ठरलेला असतो, पडणं खरं असतं. आणि जो हरतो त्याचं काम जास्त अवघड असतं, कारण समोरच्याचा ठोसा खरा वाटणं हे ठोसा खाणाऱ्याच्या हातात असतं. हे मला लॅपटॉपवर कळलं नाही. ते एका रविवारी दुपारी, मानहाइमजवळच्या एका गावाच्या हॉलमध्ये कळलं. पण त्याआधी शाळेचं सांगायला हवं.

मी दहावीत होते, गिम्नाझियुममध्ये, म्हणजे विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या शाळेत, जर्मनीत येऊन दुसरं वर्ष. पुण्याच्या माझ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी फार चांगली मुलगी होते. प्रगतिपुस्तकात दर वर्षी एकच शेरा, शांत आणि शिस्तप्रिय. तेच घेऊन मी इथे आले, आणि कळलं की इथे गप्प बसणं हा दोष आहे. प्रत्येक विषयाचे जवळजवळ निम्मे गुण तासाला तोंड उघडण्याचे. इथे एक म्हणजे सर्वोत्तम आणि सहा म्हणजे काहीच नाही. लेखी परीक्षेत मला दोन मिळत, तोंडी पाच, काही विषयांत सहा. मला येत नव्हतं असं नाही. वाक्य मनात जुळवेपर्यंत, क्रियापद शेवटी नेऊन ठेवेपर्यंत, विषय पुढे गेलेला असायचा. आणि जुळलं तरी हात वर करायचा म्हणजे सव्वीस माना वळणार. वर्षभरात वर्गात कोणी माझ्याशी वाईट वागलं नाही. कोणी वागलंच नाही. ऑक्टोबरात वर्गशिक्षिका फ्राऊ लेंट्स यांनी आईबाबांना बोलावून सांगितलं की सहामाहीपर्यंत तोंडी गुण सुधारले नाहीत तर या शाळेत पुढे जाणं कठीण आहे. त्या चांगल्या होत्या, हळू बोलत होत्या, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाबा "गेनाऊ" म्हणत होते. म्हणजे बरोबर, अगदी बरोबर.

त्या रात्रीच्या जेवणात ठरलं. जानेवारीअखेर निकाल चांगला आला नाही तर आई आणि मी पुण्याला परत जायचं, मावशीकडे राहायचं, मी तिथे कॉलेज करायचं. बाबा इथे एकटे. आई पुण्यात एका ज्युनियर कॉलेजमध्ये केमिस्ट्री शिकवायची आणि दोन वर्षांच्या बिनपगारी रजेवर आली होती. रजा फेब्रुवारीत संपत होती. "अहो, तारखाही जुळतायत," ती बाबांना म्हणाली आणि माझ्या ताटात आमटी वाढली. मला जायचं नव्हतं. का ते मला सांगता आलं नसतं. माझं इथे कोणी नव्हतं. पण परत गेले तर मी हरून परत आलेली मुलगी होणार होते, आणि तिथेही शांत आणि शिस्तप्रियच राहणार होते.

नोव्हेंबरात हायडेलबर्गच्या एका बेकरीच्या दारावर मला पोस्टर दिसलं. रविवारी तीन वाजता रेसलिंग, सोळा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबर यावं. मी पोस्टरचा फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, "बाबांना सांगू मानहाइमला कोट बघायला जातोय." कुठेही जायचं तर ती डबा घेऊनच निघायची, आणि त्या दिवशी तिने थालीपिठं केली. भाजणी संपली होती म्हणून इथल्या राय नावाच्या धान्याच्या पिठात बेसन आणि धने-जिऱ्याची पूड घालून. रायचं पीठ थालीपिठाला भाजणीइतकंच चांगलं लागतं, हा तिचा शोध.

हॉल साधा होता. एरवी तिथे गावातली मुलं व्हॉलीबॉल खेळत असावीत. जमिनीवर रंगीत रेघा होत्या. दोनशे खुर्च्या, एका कोपऱ्यात सॉसेज आणि बिअर, मधोमध रिंग. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. आई आजूबाजूला बघून हळूच म्हणाली, "अगं, ही तर सगळी कुटुंबं आहेत." मोठ्या कंपनीचे शो मी पुढे कोलोनमध्ये पाहिले आहेत, हजारो माणसं, धूर, आतषबाजी. तिथून मी नेहमी थोडी रिकामी परत येते, कारण अर्धा वेळ मोठ्या पडद्याकडेच बघावं लागतं. छोट्या हॉलमध्ये रिंगच्या फळ्यांचा आवाज पोटात येतो. श्वास ऐकू येतो. आणि नीट कान दिला तर खाली वाकून एकमेकांना दिलेली कुजबुजती सूचनाही ऐकू येते: पुढचा ठोसा कुठून येणार ती.

तिसऱ्या लढतीत हाउसमाइस्टर आला. हाउसमाइस्टर म्हणजे इमारतीची देखभाल करणारा माणूस. जिन्यात सायकल कोणी ठेवली, कचरा चुकीच्या डब्यात कोणी टाकला हे बघणारा. त्याने करडा कोट घातला होता, कमरेला भलामोठा किल्ल्यांचा जुडगा. संगीत नाही. तो सावकाश रिंगमध्ये चढला, खिशातून कागद काढला, माइक हातात घेतला आणि वाचायला लागला: रविवारी शांतता पाळावी. मुलांनी पळू नये. मग मान वर करून ओरडला, "रूहे!" म्हणजे शांतता. लोक पेटून उठले. लहान मुलं खुर्च्यांवर उभी राहून किंचाळायला लागली, आणि जितकं तो गप्प बसायला सांगेल तितका हॉल जास्त ओरडत होता. आईला जर्मन जेमतेम यायचं, पण हे तिला एका मिनिटात कळलं. ती हसून हसून माझ्या खांद्यावर टेकली. मी हसले, पण माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. टाळ्याही मी मांडीवरच वाजवल्या.

लढतीत तो हरला, हरणारच होता. शेवटी तो दोरांवरून बाहेर, आमच्या खुर्च्यांपासून दोन हातांवर आपटला आणि उठताना बरगडीला हात लावून क्षणभर थांबला. ते नाटक नव्हतं. नाटक मोठं असतं, हे लहान होतं. आईच्याही नजरेत आलं.

मध्यंतरात बाहेरच्या दालनात प्रत्येक पैलवानाचं टेबल होतं, टीशर्ट आणि फोटो विकायला. नायकासमोर रांग. हाउसमाइस्टरच्या टेबलापाशी कोणी नव्हतं. इथली ती रीत आहे. खलनायकाकडे लोक जात नाहीत. लांबूनच हूऽऽ करतात, मुलं तोंडं वेंगाडतात, आणि तो कागदावर त्यांची नावं लिहून घेतल्यासारखं करतो. बाहेर, पार्किंगमध्ये तो कोणाचातरी बाप असेल, सगळ्यांना नमस्कार करत असेल. पण त्या दालनात नाही. मला हे माहीत होतं. आईला सांगायचं राहिलं. मी पाण्याच्या बाटल्या आणायला गेले आणि परत आले तर ती त्याच्या टेबलासमोर डब्याचं झाकण उघडून उभी होती.

"बिटे," ती म्हणत होती. "एसन." घ्या, खा. आणि स्वतःच्या बरगडीला हात लावून दाखवत होती.

दालनातली बडबड हळूहळू थांबली. तो माणूस उभा राहिला. मी बाजूने बघत होते म्हणून मला दिसलं की त्याचा चेहरा एकदा मऊ झाला. मग त्याने आजूबाजूला बघितलं. पन्नासएक माणसं आणि त्यांची मुलं श्वास रोखून बघत होती. त्याने डबा हातात घेतला, नाकाशी नेला, आणि रिंगमधल्याच आवाजात जाहीर केलं की स्वयंपाकाचा वास जिन्यात येता कामा नये, नियम क्रमांक सात, सबब हा डबा जप्त.

लोकांनी हूऽऽ केलं. आईच्या बाजूने केलं, पण तिला ते कळलं नाही. ती गोठली. वास या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते तिला माहीत होतं, हे मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं. उन्हाळ्यात आमच्या जिन्यात कोणीतरी टाइप केलेली चिठ्ठी चिकटवली होती, अगदी याच शब्दांची, आणि तिने अर्थ विचारला तेव्हा मी सांगितलं होतं की खिडक्या उघड्या ठेवा असं लिहिलंय.

मला ठाऊक होतं की हे नाटक आहे. तरीही पुढे काय झालं ते मी ठरवून केलं नाही. मी बाटल्या हातात घेऊन तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, जर्मनमध्ये, क्रियापद जागच्या जागी, "इतक्या किल्ल्या आहेत तुमच्याकडे, पण राहायला घर एकही नाही."

आवाज लहान होता. पहिल्या ओळीतले चारपाच जण हसले. तो माणूस ठोसा बसावा तसा एक पाऊल मागे गेला. जुडगा कमरेवरून सुटून जमिनीवर पडला. तो उचलायला तो माझ्या बुटांपाशी वाकला, आणि वाकल्या वाकल्या, मान वर न करता, पुटपुटला, "गूट. लाउटर." छान. अजून मोठ्याने.

मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. या वेळी ते शेवटच्या माणसापर्यंत गेलं. दालनात जो काही आरडाओरडा झाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. हाउसमाइस्टर छातीवर हात ठेवून, डबा काखेत घट्ट धरून, भिंतीला घासत घासत मागच्या दारातून निघून गेला. एका बाईने येऊन आईचा हात हातात घेतला. कोणीतरी मला बर्फासारखा थंड लिंबू सोडा आणून दिला. डबा गेला तो गेलाच. तुळशीबागेतून आणलेला होता.

परतताना एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, मी आईला सगळं समजावलं. रीत काय असते, त्याला तसं का वागावं लागलं, खाली वाकून तो काय म्हणाला. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या चिठ्ठीसारखंच बोलला तो."

त्या चिठ्ठीचा खरा अर्थ तिला पहिल्यापासून माहीत होता.

"भूक लागली असणार पण त्याला," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "तू केवढ्याने बोललीस गं."

मी म्हटलं, ती मी नव्हते, ते रेसलिंगमधलं बोलणं होतं. मी खरी तशी नाही.

"मी तरी कुठे आहे?" ती म्हणाली. "फळ्यासमोर उभी राहिले ना की ऐंशी पोरांना गप्प करणारी बाई वेगळीच असते. ती घरी नसते. सकाळी साडेसातला वर्गाच्या दारात मला भेटते आणि बारा वाजता जाते. तू पण एक ठेव की अशी. कुठे लिहिलंय की खरं तेच बोललं पाहिजे?" हे सांगताना तिचा चेहरा जसा झाला होता तसा मी वाल्डॉर्फमध्ये पाहिला नव्हता. तेव्हा मला वाटलं, ती माझ्यामुळे खूश आहे.

डिसेंबरात एथिकच्या, म्हणजे नीतिशास्त्राच्या तासाला फ्राऊ लेंट्स यांनी वादविवाद ठेवला: शाळेत गणवेश असावा की नसावा. नसावा या बाजूला अठरा हात वर गेले. असावा या बाजूने एकही नाही. त्या म्हणाल्या की कोणीतरी घ्यायलाच हवी, नाहीतर तास होणार नाही. मी हात वर केला. खरं तर मला गणवेशाचा तिटकारा होता. पुण्यात बारा महिने टाय, आणि सोमवारी नखं तपासायचे. पण मी पुढे जाऊन उभी राहिले, कमरेवर हात ठेवले, सगळ्यांकडे एकदा सावकाश बघितलं आणि म्हटलं की तुम्ही गणवेश घालताच आहात. काळं फुगीर जाकीट, पांढरे बूट. मोजून बघा. फरक एवढाच की आमच्या शाळेने तो निदान कबूल केला होता.

मग मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याने वर्षभरात मला फक्त दार उघडून धरलं होतं, उठून ओरडला की हे फारच झालं. मी म्हटलं, तुझे बूट कोणते आहेत ते आधी सांग. वर्गात एकच गलका झाला. तिघेचौघे एकदम माझ्यावर तुटून पडले आणि मी एकेकाला उत्तर देत गेले, व्याकरण चुकत होतं, कोणाला पर्वा नव्हती, मलाही नाही. घंटा झाल्यावर एक मुलगी जिन्यापर्यंत माझ्याशी भांडत आली आणि खाली पोचल्यावर तिने विचारलं की तुला खरंच असं वाटतं का. मी खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवली.

जानेवारीच्या शेवटी निकाल लागला. तोंडी बऱ्याच विषयांत तीन, एथिकमध्ये दोन. बाबांनी ऑफिसातून येताना केक आणला. ते दहादहा वेळा म्हणत होते, बघ, मी म्हटलंच होतं, मुलीत धमक आहे. आईने केक कापला, मला भरवला, मावशीला फोन करून बातमी सांगितली. मावशी मोठ्याने बोलते, त्यामुळे मला पलीकडचं ऐकू येत होतं; ती म्हणत होती की तुझी खोली तर मी रंगवूनसुद्धा घेतली. आई म्हणाली, "असू दे गं, पाहुण्यांना होईल." ते ऐकूनही मला काही कळलं नाही. मी पंधरा वर्षांची होते आणि माझ्या गोष्टीत मी जिंकले होते. जिंकणाऱ्याला बाकी फारसं दिसत नाही. मला हे कळायला स्वतःची नोकरी लागावी लागली.

पुढच्या आठवड्यात शाळेतून आले तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा लॅपटॉप उघडून बसली होती. कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं होतं, इंग्रजीत. कौटुंबिक कारणास्तव सेवेत परत रुजू होणं शक्य नाही, एकोणीस वर्षं संधी दिल्याबद्दल आभार. म्हणाली, "तुझं इंग्रजी चांगलं आहे, बघ जरा." मी उभ्यानेच वाचलं. एका ठिकाणी 'द' राहिला होता, तो घातला. बाकी ठीक आहे म्हटलं. तिने पत्र वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचलं, ओठ न हलवता, मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"तूच पाठव," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.

मी पाठवलं.